नववी दुरुस्ती

तानुबाई काचेवर आदळली तेव्हा आवाज असा फारसा झालाच नाही. ओट्यावर कुणी पपई जरा जोरात ठेवावी, तेवढाच. जयमाला काचेच्या आतल्या बाजूला पाच-सहा पावलांवर उभी होती. हातात राहिलेल्या कामांची यादी होती: कुठं फरशीचा कोपरा उडालेला, कुठं दिव्याचं झाकण बसवायचं राहिलेलं. मंगळवार होता, सकाळचे साडेनऊ. आदल्याच दिवशी इमारतीभोवतीचे निळे पत्रे काढले होते आणि तीन वर्षांनी कासारवाडीच्या हमरस्त्यावरून थेट पलीकडचं स्टेशन दिसत होतं. तानुबाई रस्त्याकडून आली. डोक्यावर मेथीची क्रेट, एक हात क्रेटला, दुसरा मोकळा. तीन पायऱ्या चढून तिनं समोर पाहिलं आणि तिला जयमाला दिसली. जयमालानं हात वर केला. तानुबाई हसली आणि भरभर चालत आली. नंतरचे कितीतरी दिवस जयमालाला एवढंच आठवत राहिलं, की ती आपल्याला बघून भरभर आली. काच सकाळीच पुसलेली होती. आधी क्रेट आपटली, मग कपाळ, आणि मग तानुबाई मागच्या मागे पायरीवर बसल्यासारखी पडली, एका कुशीवर. मेथीच्या जुड्या चौफेर. आणि जयमालाच्या मनात पहिला विचार आला तो असा: बारा मिलिमीटर आहे, टफन्ड आहे, काही होणार नाही. काचेला. तो विचार येऊन गेला आणि मग ती धावली. दाराचं हँडल डावीकडे होतं हे तिला माहीत असायला हवं होतं, पण ती उजवीकडे गेली, तिथं नुसतीच काच होती, मग परत डावीकडे आली. तेवढ्या वेळात बाहेरचा सुरक्षारक्षक पोचला होता. त्यानं आधी तानुबाईकडं पाहिलं, मग काचेवर उठलेल्या कपाळाच्या तेलकट डागाकडं, आणि खिशातलं फडकं काढून तो डाग पुसायला लागला. तो काही वाईट माणूस नव्हता. आठवड्यानं उद्घाटन होतं आणि काचेवर डाग दिसता कामा नये असं त्याला बजावलेलं होतं.

रिक्षातून पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात जाताना तानुबाई कण्हली नाही. मेथीचं काय झालं, एवढं तिनं दोनदा विचारलं. जयमालानं मुलाला फोन लावला. गणराज महाळुंग्याला एका कंपनीत ठेकेदाराकडून लागलेला, पहिली पाळी, लाईन सोडून येता येत नव्हतं. "ताई, दोनपर्यंत बघता का? मी सुपरवायझरला विचारतो, पण तो सोडंल असं वाटत नाही." जयमाला म्हणाली, बघते. एक्स-रे झाला. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. तरुण डॉक्टरीण फिल्म उजेडाकडं धरून म्हणाली, वय बासष्ट, हाडं ठिसूळ, ऑपरेशन करावं लागेल, आणि नंतर तीन महिने पायावर भार नाही. "पडल्या कशा?" तिनं विचारलं. जयमाला म्हणाली, काचेवर. "काच दिसली नाही?" डॉक्टरणीनं सहज विचारलं, कागदावर लिहायचं म्हणून, आणि तानुबाईनं स्ट्रेचरवरूनच उत्तर दिलं, "न्हाई बाई. माझीच नजर. अडाणी माणूस म्या." डॉक्टरणीनं ते लिहिलं की नाही, जयमालाला कळलं नाही. बाकड्यावर बसून ती समोरच्या भिंतीकडं बघत राहिली. खाली हिरवा पट्टा, वर पांढरा, मध्ये काळी रेघ. ती रेघ कुठल्या उंचीवर आहे हे तिला नुसतं बघून सांगता आलं असतं, आणि या क्षणी ते सांगता येणं हीच तिला एक घाण सवय वाटली.

जयमाला सात वर्षांची असल्यापासून तानुबाईला ओळखत होती. वडील भीमराज पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर, आई भिमाबाई चार घरची कामं करणारी, आणि शाळा सुटायची बाराला. आई यायची चारला. मधले चार तास जयमालानं कासारवाडी स्टेशनच्या रस्त्यावर तानुबाईच्या गोणपाटावर काढले होते, एक-दोन दिवस नव्हे, सहा वर्षं. वर पिवळी ताडपत्री, दोन बांबू, मागे एका बंद कंपनीची भिंत. त्या भिंतीला पत्र्याची एक वळचण होती, हातभर रुंद. ऊन कललं की तानुबाई गोणपाट तिच्याखाली सरकवायची. तिथं कुणी उठ म्हणायचं नाही. स्टेशनवर जाणारे उभे राहायचे, पाणी प्यायचे, एखादी बाई लेकराला पाजायची. तानुबाई निवडता निवडता जयमालाचं पाठांतर ऐकायची; तिला काही कळत नसे, पण अडखळलं की "पुन्यांदा म्हन" म्हणायची. महाळुंग्याकडची बाई. तिच्या सासऱ्याच्या रानावर आता मालट्रका उभ्या राहतात, पण त्याबद्दल ती कधी बोलत नसे. बोलायची ती भाजीबद्दल, पावशेर मेथीत पाणी किती मारलंय त्याबद्दल. पुढे जयमाला डिप्लोमा करून, मग नोकरी करत करत आर्किटेक्ट झाली तेव्हा वस्तीत पेढे वाटले गेले, आणि तानुबाईनं विचारलं होतं, "म्हंजी तू घरं काडनार? मग माझ्या जाग्याला येक सावली काड." ती हसली होती, सगळेच हसले होते.

आणि खरंच तशी वेळ आली. ती बंद कंपनी विकली गेली, जागेवर मोठी इमारत उठणार असं ठरलं: खाली बाजार, वाचनालय, दवाखाना, वर कचेऱ्या, त्याच्यावर हॉटेल. जुन्या वाटेचा हक्क म्हणून रस्त्यापासून स्टेशनपर्यंत लोकांना जायला जागा सोडायची, अशी एक अट कुठल्याशा कागदात होती. बिल्डरला काहीतरी वेगळं हवं होतं, तो इस्तंबूलला जाऊन आला होता, आणि त्यानं तिथल्या एका वास्तुरचनाकार बाईला आणलं. फेरिदे हानम; हानम म्हणजे बाई. साठीच्या पुढची, आखूड पांढरे केस, पायात पुरुषी बूट. इथलं काम बघायला जयमाला नोकरी करायची ते चिंचवडचं रविराज सरांचं ऑफिस नेमलं गेलं, आणि सरांनी फेरिदेबाईंबरोबर जयमालाला दिलं, कारण जयमालाला ती जागा पाठ होती.

फेरिदेबाई आल्या त्या पहिल्या तीन सकाळी त्यांनी कागद काढलाच नाही. तानुबाईच्या गोणपाटाशेजारी एका उलट्या क्रेटवर बसल्या आणि बघत राहिल्या. कोण कुठून येतं, कुठं थांबतं, कुठं थुंकतं. जयमाला मध्ये दुभाषी. फेरिदेबाईंचं इंग्रजी थांबत थांबत यायचं आणि मध्येच त्यांच्या तोंडून आपलाच एखादा शब्द बाहेर पडायचा. बाजाराला पाझार. दुकानाला द्युक्क्यान. मैदानाला मेदान. हवेला हवाच. तानुबाई तोंडाला पदर लावून हसायची, "अगं बया, ही तर आपल्यातलीच हाय की!" त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे जुन्या काळी मशीद एकटी बांधत नसत. तिच्याबरोबर शाळा, अन्नछत्र, हमाम म्हणजे सगळ्यांसाठीचं न्हाणीघर, खाली दुकानांची ओळ; दुकानांच्या भाड्यावर बाकीचं चालायचं, आणि सगळ्याच्या मधून वाट. माणूस नमाजाला आलेला नसला तरी त्या अंगणातून पलीकडच्या गल्लीत जायचा. "आम्ही आता मिश्र वापराची इमारत म्हणतो," त्या म्हणाल्या, "जणू काही आम्हीच शोधून काढली. पण मधली वाट ठेवायला आम्ही विसरतो." मग त्यांनी विचारलं, छपराचा जो भाग भिंतीच्या पुढे येतो, ज्याच्याखाली माणूस कुणाला न विचारता उभा राहतो, त्या जागेला तुमच्यात शब्द आहे का? त्यांच्यात साचाक होता, आणि त्याच्याखाली उभं राहण्यालाही शब्द होता. जयमाला म्हणाली, वळचण. फेरिदेबाईंनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. 'ळ' त्यांना जमला नाही. संध्याकाळी हॉटेलवर त्यांनी पहिलं चित्र काढलं, मऊ पेन्सिलीनं: सगळी इमारत दोन मजले वर उचललेली, खाली चौऐंशी मीटर लांब मोकळी सावली, रस्त्यापासून स्टेशनपर्यंत, कुठंही दार नाही. कडेनं भाजीचे ओटे, मध्ये बसायच्या पायऱ्या, वाचनालयाचं तोंड थेट त्या सावलीत. आणि चित्राच्या कोपऱ्यात, डोक्यावर क्रेट घेतलेली एक बाई. "ही तुमची," त्या म्हणाल्या.

ते चित्र जयमालानं मोठं छापून नेऊन स्टेशनच्या रस्त्यावरच्या चौदा बायकांना दाखवलं होतं. कोर्टात जाऊ म्हणणारं एक मंडळ तेव्हा त्यांच्याकडं येत होतं, जागा सोडू नका म्हणत होतं. जयमाला रस्त्यावरच मांडी घालून बसली आणि चित्रावर बोट ठेवून सांगितलं, हा तुमचा ओटा, हा नळ, हे संडास, आणि ही वाट, हिला दार नाही. तानुबाईनं विचारलं, "रातीला बी न्हाई?" "रात्री पण नाही." "मग कुत्री येतील की." सगळ्या हसल्या. तानुबाईनं जागा सोडायच्या कागदावर अंगठा दिला, मग बाकीच्यांनी दिले. पत्रे लागले, बायका तीन वर्षांसाठी पलीकडच्या नाल्याच्या कडेला गेल्या. तीन वर्षांच्या एकाही दिवशी तानुबाईनं विचारलं नाही की, चित्रात होतं तेच होतंय ना. जयमाला दिसली की नुसतं म्हणायची, "चाललंय न्हवं माले?" आणि जयमाला म्हणायची, चाललंय मावशे.

चाललं होतं ते असं. नकाशात बदल झाला की त्याला ऑफिसात रिव्हिजन म्हणतात. सर जुन्या वळणाचे, ते दुरुस्ती म्हणायचे. बदललेल्या जागेभोवती ढगासारखी गोल गोल रेघ काढायची आणि आत क्रमांक टाकायचा. तिसऱ्या दुरुस्तीत वाचनालय दुसऱ्या मजल्यावर गेलं, लिफ्टला कार्ड लागलं. पाचव्यात बसायच्या पायऱ्या गेल्या, कारण लोक बसतील. सातव्यात ओट्यांच्या जागी खोकी आली, काचेच्या झडपांची, कॉफीसाठी आणि मोबाईलच्या कव्हरांसाठी. प्रत्येक वेळी जयमाला सरांच्या केबिनमध्ये जायची आणि प्रत्येक वेळी काहीतरी घेऊन बाहेर यायची. पायऱ्या गेल्या तर निदान संडास राहिला. ओटे गेले तर निदान बाहेरच्या अंगाला बायकांना उभं राहायला सहा फुटांची पट्टी मिळाली. आपण वाचवतोय असं तिला वाटायचं. बिल्डरनं इमारतीचं नाव ठेवलं 'सराय'. फेरिदेबाईंच्या भाषेत सराय म्हणजे राजवाडा. जाहिरातीतही तसंच छापलं. जयमालानं फोनवर सांगितलं की आमच्याकडे सराई म्हणजे कुठल्याही वाटसरूनं टेकायची जागा, तेव्हा त्या खूप वेळ हसल्या आणि म्हणाल्या, "मग शब्द तुमच्याकडे येताना सुधारला." त्यानंतर त्यांचे फोन कमी झाले. नवव्या दुरुस्तीत काच आली. रस्त्याच्या बाजूला एक, स्टेशनच्या बाजूला एक, अंगण वातानुकूलित, दाराशी बॅग तपासायचं यंत्र. सर त्या दिवशी आपल्या खुर्चीतून उठून तिच्या टेबलापाशी आले होते. "जयमाला, काच आहे. दिसायला मोकळंच दिसेल." ती म्हणाली, "सर, वाटेची अट आहे." "दार आहे ना? दार उघडतं. वाट आहेच." मग ते हळू म्हणाले, "तू नाही काढलीस तर उद्या दुसरा कुणी काढेल. आणि तो बाहेरची ती सहा फुटांची पट्टी ठेवणार नाही. तुला माहितेय." तिला माहीत होतं. दुपारी जेवणाच्या आधी तिची काच काढून झाली होती. चौऐंशी मीटरच्या दोन टोकांना दोन बारीक रेघा. पाच मिनिटांचंही काम नव्हतं. ढगाची रेघ काढायला जास्त वेळ लागला. खाली चौकटीत लिहिलं, आरेखन: ज. भी.

दोन वाजून गेले तरी गणराज आला नव्हता. तानुबाईला वॉर्डात हलवलं होतं, पायाला वजन लावलं होतं, इंजेक्शनानं तिचे डोळे जड झाले होते. जयमाला स्टूल ओढून जवळ बसली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला कुणीतरी सफरचंद कापून देत होतं. जयमालाला वाटलं, आत्ता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही.

"मावशे, ती काच मी काढली."

तानुबाईनं डोळे उघडले. "काडलीस?"

"म्हणजे मीच काढली. सरांनी सांगितलं, पण हात माझा होता."

"बरं केलंस." तानुबाईचा हात चादरीवरून सरकत आला आणि तिच्या मनगटावर बसला. "माझं झालं ते झालं. पर आमच्यातल्या त्या सुंद्रीला दिसत न्हाई धड, ती बी आपटली असती. काडलीस ते लई ब्येस झालं बग."

जयमाला स्टुलावरून पुढं वाकली. "नाही मावशे, तसं नाही. काढली म्हणजे कागदावर काढली, नकाशात. आधी. ती तिथंच आहे अजून. मी रेघ मारली म्हणून ती..."

"तू कशाला मारशील?" तानुबाई म्हणाली. जीभ जड झाली होती. "तू तर मोकळं दावलं व्हतंस. म्या अंगठा दिला न्हवं." आणि मग शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात, "ही आमची माली. विंजेनर हाय. लगोलग काडली तिनं काच." शेजारणीनं सफरचंदाची फोड पुढे केली. जयमालानं ती घेतली. तोंडात ठेवली. ती चावायला तिला फार वेळ लागला. आपली भाषा, एक साधी मायमराठी, कधी अशी पायात येईल असं तिला इतक्या वर्षांत वाटलं नव्हतं. काढणं आणि काढणं. दुसरा शब्द शोधावा तर तोवर तानुबाई झोपली होती, तोंड अर्धवट उघडं, समाधानानं.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात पोचली तेव्हा सरांना सगळं कळलेलं होतं. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, ऑपरेशनच्या वेळी काही लागलं तर सांग म्हणाले. मग म्हणाले, "आपली चूक झाली, काचेवर डोळ्यांच्या उंचीला खुणा हव्या होत्या. नियमच आहे. आजच काढून दे, उद्घाटनाआधी लावून घेतील." जयमाला म्हणाली, "सर, खुणा नकोत. काच नको." सरांनी चष्मा काढला. "मला ते कुणाला सांगता येणार आहे, असं तुला वाटतं?" त्यांनी विचारलं. तो टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते, आणि पंचावन्न वर्षांचा, इतक्या इमारती बांधलेला माणूस आपल्याला असं विचारतोय हे बघून जयमालाला स्वतःपेक्षा त्यांचीच जास्त दया आली. ती उठून टेबलाशी गेली. खुणा काढल्या. जमिनीपासून साडेचार फुटांवर, सहा-सहा इंचांवर, रुपयाएवढे पांढरे ठिपके. डोक्यावर क्रेट असलेली बाई मान खाली घालू शकत नाही, म्हणून तिनं आणखी एक ओळ वर घेतली. ते नीट जमलं तेव्हा तिला क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा राग आला.

तिनं फेरिदेबाईंना लांबलचक पत्र लिहिलं. मेथी, कपाळ, खुबा, सगळं. दोन दिवसांनी उत्तर आलं, छोटं. 'मी सहा महिन्यांपूर्वीच या कामावरून माझं नाव काढून घ्यायला लावलं. तुला कळवलं नाही, कारण लाज वाटली. माझ्या शहरात अशा तीन इमारती आहेत. तिन्हींच्या पहिल्या चित्रात वाट होती. तिन्हींना आता दार आहे, आणि दाराशी गणवेशातला माणूस. मी त्या रस्त्यांनी जायचं टाळते. तू त्या बाईला माझा नमस्कार सांग. नको, सांगू नकोस. तिला माझ्याबद्दल काय सांगशील?' जयमालानं ते पडद्यावर तीन वेळा वाचलं. नाव काढून घेता येतं, हे तिला माहीतच नव्हतं. आपलं नाव कुणी घातलेलंच नव्हतं. दर्शनी पाटीवर बिल्डर, खाली सरांचं ऑफिस. तिचं होतं ते फक्त चौकटीतलं ज. भी., आणि ते कुणालाच वाचायचं नव्हतं.

उद्घाटन झालं. ठिपके लागले होते. चौदांपैकी सहा बायका बाहेरच्या पट्टीवर बसल्या; दोन दिवसांत तिथं कुंड्या आल्या आणि त्या पुन्हा नाल्याकडं गेल्या. स्टेशनवर जाणारे पहिले काही दिवस दारातून आत गेले, बॅगा यंत्रात टाकल्या, मग कंटाळून सगळे बाहेरून वळसा घालायला लागले. कुणी तक्रार केली नाही. एका सकाळी जयमालाही वळसा घालून गेली, आणि अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं की, आपल्या गळ्यात ओळखपत्र आहे, आपल्याला आतून जाता आलं असतं.

ऑपरेशन झालं, आणि पडल्याच्या सोळाव्या दिवशी तानुबाईला घरी सोडलं. वस्तीच्या पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणी-संडास एकत्र. रविवारी गणराजचा फोन आला. "ताई, जरा येऊन बघता का? तुमच्याच लायनीतलं काम आहे." जयमाला गेली. तानुबाई खाटेवर तक्क्याला टेकून बसली होती. वाळली होती, पण केस विंचरलेले, कुंकू ताजं. खाटेशेजारी चाकांची खुर्ची होती, गणराजच्या कंपनीतल्या पोरांनी मिळून आणलेली, अजून प्लॅस्टिकात अर्धवट गुंडाळलेली. सून मिनल चहा टाकत होती. तिनं मागं न वळता हळूच सांगितलं, "ताई, खुर्ची न्हाणीच्या दारातून जात नाही. आम्ही भांडं आणलं खाली ठेवायला. त्या बसत नाहीत. सगळ्यांसमोर बसायचं नाही म्हणतात. दोन दिवस झाले, पाणीसुद्धा घोट घोट पितात, जावं लागू नये म्हणून."

"येकच खोली," तानुबाई म्हणाली. "ल्योक बसल्याला, नातवंडं बसल्याली. मानसाला आडोसा नको व्हय गं?"

गणराज एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात छिन्नी घेऊन उभा होता. रविवार त्याचा एकच सुट्टीचा. "जास्त नाही ताई, इकडून तीन इंच, तिकडून तीन इंच. चौकट काढतो, भिंत तासतो, परत चौकट बसवतो. आज संध्याकाळपर्यंत होतंय. फक्त कुठपर्यंत तासू, तेवढी खूण करून द्या."

जयमालानं टेप लावला. दार आतून बावीस इंच. खुर्ची पंचवीस. मग तिनं बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक केलं. आवाज भरीव आला, बोटालाच लागला. तिनं दुसऱ्या बाजूला टकटक केलं. विटेची असती तर आवाज मऊ आला असता. ही सबंध इमारत ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून केलेली होती. भिंत नव्हतीच, सगळे खांबच होते, आत सळया विणलेल्या. अशी इमारत महिन्यात चार मजले चढते. इथल्या कुठल्याही भिंतीला हात लावायचा म्हणजे वरच्या सगळ्या मजल्यांना हात लावायचा. छिन्नी चालेल, ठिणग्या उडतील, सळई उघडी पडेल, आणि पुढं काय होईल ते ती कागदावर लिहून देऊ शकली असती. नुसती चौकट काढून पडदा लावावा तरी एक इंच कमीच पडत होता. खुर्ची अरुंद घ्यावी तर तानुबाईचा खुबा मावत नव्हता, मोडलेल्या पायाला आडवी पट्टी होती. उचलून न्यावं तर आत दोन माणसं वळत नव्हती. तेही तिनं मोजलं. ज्या कुणी हा नकाशा काढला होता त्यानं चोख काढला होता. कुठंही एक इंच वाया घालवलेला नव्हता. त्याचंही नाव कुठल्या तरी चौकटीत, दोन अक्षरांत असेल.

"सांग की माले," तानुबाई खाटेवरून म्हणाली. तिच्या आवाजात काळजी नव्हती. "कुठं फोडायचं ते दाव त्याला. तुला कळतंय ते."

गणराजनं छिन्नीची धार अंगठ्यावर पाहिली. मिनल गॅस बारीक करून वळून उभी राहिली. तिघंही तिच्याकडं बघत होती, आणि बघण्यात नुसता विश्वास होता, दुसरं काही नव्हतं. जयमाला खाली बसली, टेपचं टोक चौकटीच्या डाव्या अंगाला धरलं, ताणून उजव्या अंगाला नेलं, आणि पुन्हा मोजायला लागली.